व्हिसा लागला की फाइल बंद करणाऱ्या विभागांना

प्रति,
आंतरराष्ट्रीय विभाग,
महाराष्ट्रातील सर्व विद्यापीठे आणि महाविद्यालये

विषय: एका सत्रासाठी जर्मनीतल्या छोट्या गावांत जाणाऱ्या एक्सचेंज विद्यार्थ्यांची तयारी

महोदय, महोदया,

आपल्याकडचं ओरिएंटेशन साधारण सारखंच असतं. पडद्यावर राजवाड्यांचे फोटो, व्हिसाच्या कागदांची यादी, ‘थंडीचे कपडे घ्या’ ही सूचना आणि शेवटी बॅनरसमोर ग्रुप फोटो. विद्यार्थी विमानात बसला की त्याची फाइल कपाटात जाते. आम्ही या मुलांना जर्मन शिकवतो, त्यांचे कागद तपासतो आणि तिकडे पोचल्यावर त्यांना आलेल्या पत्रांचे अर्थ लावून देतो. आमचं म्हणणं एवढंच आहे: मुलं अडतात ती कामांच्या क्रमात आणि तारखांत, अभ्यासाचं त्या मानाने बरं चालतं. आणि त्यातल्या निम्म्या तारखा आपल्या टेबलावर ठरतात.

मोठ्या शहरात एखादी चूक निभावून जाते. छोट्या गावात तीच चूक निस्तरायला पुढचा मंगळवार उजाडावा लागतो, कारण नागरिक कार्यालय आठवड्यातल्या ठरावीक दिवशी ठरावीक तासच उघडं असतं. परदेशी नागरिकांचं कार्यालय तर पुष्कळदा त्या गावात नसतंच, जिल्ह्याच्या ठिकाणी असतं. इल्मेनाऊला तांत्रिक विद्यापीठ आहे, पण त्या जिल्ह्याचं मुख्यालय आर्नश्टाट. क्लाउस्थाल-त्सेलरफेल्ड हे हार्त्स डोंगरातलं विद्यापीठाचं गाव गोस्लार जिल्ह्यात मोडतं. तिथे रेल्वे जात नाही, बस धरावी लागते. त्यामुळे ‘जर्मनी गाइड’ नावाची सरसकट पीडीएफ अशा मुलांच्या कामाची नाही. प्रत्येक यजमान गावासाठी एक वेगळं पान हवं: कुठलं कार्यालय कुठे, कधी उघडं, शेवटची बस किती वाजता, किल्ली कोण देतो. हे पान तिकडून परतलेल्या विद्यार्थ्याकडून लिहून घ्या आणि दर वर्षी दुरुस्त करा.

किल्लीपासूनच सुरुवात करू. हॉस्टेलची किल्ली हाउसमाइस्टर देतो. हा इमारत सांभाळणारा माणूस. आपल्याकडच्या वॉचमनसारखा चोवीस तास दाराशी बसलेला नसतो. त्याच्या वेळा कामाच्या दिवशीच्या, त्याही बहुतेक सकाळच्या. शुक्रवारी दुपारी सगळं थंडावतं. शनिवारी संध्याकाळी दोन बॅगा घेऊन पोचलेल्या मुलाला सोमवारपर्यंत खोली मिळत नाही आणि रविवारी दुकानंही बंद. त्यात ३ ऑक्टोबरला राष्ट्रीय सुट्टी असते, म्हणजे नेमकी मुलं पोचतात त्याच दिवसांत. तेव्हा विमानाचं तिकीट काढण्याआधीच सांगायला हवं: गावात सोमवार ते गुरुवार, आणि शक्यतो दुपारच्या आत पोचा. विमान रात्री उतरत असेल तर ती रात्र विमानतळाजवळच्या शहरात काढा, सकाळची गाडी धरा. आणि किल्लीची वेळ हाउसमाइस्टरला ई-मेल करून आधी ठरवा. उत्तर आलं नाही तर ठरलं असं समजू नका.

रेल्वेच्या तिकिटाची एक खोच आहे. स्वस्तातलं ‘श्पारप्राइस’ तिकीट एका विशिष्ट गाडीला बांधलेलं असतं. रेल्वेच्याच उशिराने मुक्कामी वीसेक मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असेल, तर ते बंधन सुटतं. विमानाला उशीर झाला किंवा इमिग्रेशनच्या रांगेत वेळ गेला तर सुटत नाही. विमान उतरण्याची वेळ आणि गाडी यांत तीन तास तरी ठेवा, नाहीतर थोडं महाग, कुठल्याही गाडीला चालणारं तिकीट घ्या. ‘डॉइचलांडटिकेट’ हा मासिक पास एक्सप्रेस गाड्यांना चालत नाही, फक्त स्थानिक गाड्या आणि बसला चालतो. शिवाय तो वर्गणीसारखा आपोआप पुढे चालू राहतो. बंद करायचा तर त्या महिन्याच्या १० तारखेपर्यंत कळवावं लागतं.

आता पत्ता. जर्मनीत सगळ्याचं मूळ पत्त्याच्या नोंदणीत आहे. तिला आन्मेल्डुंग म्हणतात. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करावी लागते. टाळली तर कायद्यात १,००० युरोपर्यंत दंड आहे. व्यवहारात दंडापेक्षा अडकणं महागात पडतं. नोंदणीसाठी पासपोर्ट आणि व्हिसाबरोबर घरमालकाने सही केलेला एक ठरावीक दाखला लागतो, व्होनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग नावाचा. इथे नेहमीची गफलत होते: मुलं भाडेकरार घेऊन जातात आणि परत पाठवली जातात. भाडेकरार हा दाखला नव्हे. २०१५ पासून तो देणं घरमालकाला बंधनकारक आहे, हॉस्टेल चालवणारी संस्थाही देते, पण मागितल्याशिवाय हातात पडेल असं नाही. किल्ली घेताना त्याच टेबलावर मागायचा.

नोंदणी झाली की तिची पावती मिळते, आणि मग साखळी सुरू होते. पावती दाखवली की बहुतेक बँका चालू खातं उघडतात. त्या खात्याचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांक, ब्लॉक्ड अकाउंटवाल्यांना (व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच भरून ठेवलेलं खातं) दिला की तिथून दरमहा पैसे सुटू लागतात. भाडंही त्याच खात्यातून कापलं जातं. यातली एक कडी आठवडाभर मागे पडली की पुढच्या सगळ्या पडतात. म्हणून नोंदणीसाठी नागरिक कार्यालयाची अपॉइंटमेंट भारतातूनच, निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी ऑनलाइन घ्यायला लावा. पत्ता तोवर ठरलेला असतोच.

एक बारकी गोष्ट, जिच्यामुळे कागद हरवतात. जर्मन पत्त्यात सहसा फ्लॅट क्रमांक नसतो. रस्ता, इमारतीचा क्रमांक, पिनकोड, गाव, संपलं. पोस्टमन टपालपेटीवरचं नाव वाचून पत्र टाकतो. पेटीवर नाव नसेल तर पत्र ‘या पत्त्यावर अशी व्यक्ती नाही’ म्हणून परत जातं. करसंबंधी ११ अंकी क्रमांक, बँकेचं कार्ड, त्या कार्डाचा वेगळ्या पाकिटात येणारा पिन, विमा कंपनीचं कार्ड, सगळं टपालाने येतं. पहिल्या दिवशी, अंघोळीच्याही आधी, पेटीवर आणि घंटीवर नावाची चिठ्ठी लावायची. आडनाव पुरतं, पण पासपोर्टात आहे तेच, त्याच स्पेलिंगने.

आणि नावाचाच विषय निघाला म्हणून: आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, पुढे कधी आईचं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात. जर्मन कारकून पहिला शब्द हे नाव आणि शेवटचा हे आडनाव असं धरून चालतो, आणि ‘कुलकर्णी’ हे मुलाचं पहिलं नाव होऊन बसतं. मग विद्यापीठाच्या यादीत एक नाव, बँकेत दुसरं, विम्याकडे तिसरं. हे दुरुस्त करायला तिकडे पंधरवडा जातो. आपल्याकडे मात्र नॉमिनेशनच्या, म्हणजे यजमान विद्यापीठाला विद्यार्थ्याचं नाव कळवण्याच्या, फॉर्मवर पासपोर्टप्रमाणे आडनाव आणि नाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहायला एक मिनिट लागतं. गुणपत्रिकेसोबत ‘ही एकच व्यक्ती’ असं विभागाचं पत्रही जोडा.

पैशांबद्दल आपण विद्यार्थ्यांना फक्त ब्लॉक्ड अकाउंटचा आकडा सांगता. सप्टेंबर २०२४ पासून तो दरमहा ९९२ युरो आहे, म्हणजे सहा महिन्यांचे ५,९५२. पण हा पैसा पहिल्या दिवशी हाती येत नाही, वरची साखळी पूर्ण झाल्यावर येतो. तीन आठवडे धरून चाला. खर्च मात्र पहिल्याच आठवड्यात उभे राहतात: अनामत रक्कम, पहिलं भाडं, सेमेस्टर बायट्राग, विम्याचा हप्ता, पांघरूण, भांडी. एक्सचेंजमध्ये शिक्षण शुल्क माफ असतं, म्हणून मुलं गाफील राहतात. सेमेस्टर बायट्राग हे दर सत्राला विद्यापीठात भरायचं वेगळं शुल्क आहे आणि ते भरल्याशिवाय ओळखपत्र मिळत नाही. फॉरेक्स कार्डावर किमान १,५०० युरो आणि खिशात दीडशे-दोनशे रोख हवेत. छोट्या गावातली बेकरी किंवा बसचालक आपलं कार्ड घेईलच असं नाही. काही ठिकाणी फक्त तिथल्या बँकांचं गिरोकार्ड चालतं, काही ठिकाणी नुसती रोकड. शुल्क भरताना बँकेच्या फॉर्मवरच्या ‘फेरवेन्डुंग्सत्स्वेक’ (पैसे कशासाठी) या ओळीत विद्यापीठाने दिलेला क्रमांक जसाच्या तसा लिहायचा. तो चुकला तर पैसे जातात, पण कुणाचे आले ते त्यांना कळत नाही, आणि मुलाला ‘शुल्क भरलेलं नाही’ असं पत्र येतं.

विम्याचं थोडक्यात. आपण काढून देता तो प्रवास विमा विद्यापीठात नावनोंदणी होईपर्यंतच्या दिवसांसाठी ठीक. सप्टेंबरमधला भाषावर्ग करायला लवकर जाणाऱ्याला तो लागतोच. नावनोंदणीला मात्र तिथल्या विम्याचा पुरावा हवा. सरकारी योजनेतला विद्यार्थ्यांचा हप्ता दरमहा साधारण १४० युरोंच्या आसपास पडतो. वय आणि विमा संस्था यांप्रमाणे थोडा कमीजास्त. विमा संस्था विद्यापीठाला परस्पर इलेक्ट्रॉनिक संदेश धाडते. विद्यार्थ्याने नुसतं कार्ड दाखवून भागत नाही, संदेश गेला का हे विचारावं लागतं. स्वस्त खासगी विम्याच्या मोहात पडून सरकारी विम्यातून सूट घेतली तर त्या शिक्षणकाळात परत फिरता येत नाही, हे सही करण्याआधी कळलेलं बरं.

व्हिसाबाबत एक चूक थेट आपल्या पत्रातून होते. आपलं पत्र म्हणतं ‘ऑक्टोबर ते जानेवारी’, कारण आपल्या डोक्यात आपलं सत्र असतं. जर्मन विद्यापीठांचं हिवाळी सत्र १ ऑक्टोबर ते ३१ मार्च. तासिका ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत आणि परीक्षा त्यानंतर, काही ठिकाणी मार्चपर्यंत. पत्रात जानेवारी लिहिलं तर परीक्षेच्या आधीच संपणारा व्हिसा मिळण्याची पाळी येते. मग जिल्ह्याच्या गावी खेपा, निवास परवान्याचा अर्ज, कार्डासाठी कित्येक आठवड्यांची वाट. शिवाय १ मे २०२५ पासून अशा कार्डासाठी कागदी फोटो चालत नाही, तिथल्या ठरावीक यंत्रणेतून काढलेला डिजिटल फोटो लागतो. तेव्हा इथून नेलेले बारा पासपोर्ट फोटो पाकिटातच राहतात. पत्रात तारखा यजमान विद्यापीठाच्या लिहा, भाषावर्ग असेल तर सप्टेंबरपासून. एवढ्याने हा सगळा फेरा बहुधा टळतो.

आता मूळ दुखणं: वेळापत्रक आणि क्रेडिट. इथे आम्ही जरा सविस्तर लिहिणार आहोत, कारण हे सुधारणं सर्वस्वी आपल्या हाती आहे.

एक जर्मन सत्र आपल्या दोन सत्रांना धडकतं. हिवाळी सत्राला जायचं तर आपलं पहिलं सत्र अर्धवट सोडावं लागतं आणि परत येईपर्यंत दुसरं निम्मं उलटलेलं असतं. उन्हाळी सत्र १ एप्रिलला सुरू होतं, तासिका जुलैपर्यंत चालतात. तेही दोन्हीकडून चावतं. उपयोजित विज्ञानांची विद्यापीठं, म्हणजे होखशूल, बऱ्याच ठिकाणी सप्टेंबरात आणि मार्चात तासिका सुरू करतात, त्यांच्याशी ताळमेळ थोडा बरा बसतो. करार करताना हे पाहा. पण कुठेही गेलं तरी परतलेल्या मुलाच्या हजेरीचं आणि अंतर्गत गुणांचं काय, हे तो जाण्याआधी लेखी ठरलेलं हवं. ‘आल्यावर बघू’ याचा अर्थ ७५ टक्के हजेरीची नोटीस आणि राखून ठेवलेला निकाल.

तिकडे कुठले विषय घ्यायचे याचा करार, म्हणजे लर्निंग ॲग्रीमेंट, त्यावर तीन सह्या लागतात: विद्यार्थी, आपण आणि यजमान. ते करतेवेळी पुढच्या सत्राची विषययादी बहुधा जाहीरच झालेली नसते, म्हणून गेल्या वर्षीची यादी पाहून विषय लिहिले जातात. ऑक्टोबरात तिथे गेल्यावर कळतं की एक विषय यंदा नाही, दुसरा जर्मनमध्ये आहे, तिसऱ्याची वेळ चौथ्यावर आपटते. करार बदलावा लागतो, हे गृहीतच धरा. हा बदल तासिका सुरू झाल्यावरच्या काही आठवड्यांत करायचा असतो, आणि नेमक्या त्याच आठवड्यांत आपल्याकडे दिवाळीची सुट्टी. विभागप्रमुख गावी, शिक्का कपाटात, कपाटाची चावी शिपायाकडे. विद्यार्थी तिकडे सही नसलेल्या विषयांचे तास बसून ऐकतो आणि फेब्रुवारीत परीक्षाही देतो. मे महिन्यात आपली समिती म्हणते, हा विषय मंजूर यादीत नाही.

उपाय अवघड नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत, सुट्टीतही, ई-मेलवर सही करण्याचा अधिकार एका शिक्षकाला नावानिशी द्या. आठवडाभरात उत्तर देण्याची मुदत घाला. आणि सुरुवातीलाच प्रत्येक विषयासमोर एक पर्यायी विषय मंजूर करून ठेवा.

तिकडे तासाला बसणं म्हणजे परीक्षेला बसणं नव्हे. परीक्षेसाठी पोर्टलवर वेगळी नोंदणी करावी लागते, ती सत्राच्या मध्यात थोडेच दिवस उघडी असते, आणि ती चुकली की प्राध्यापकही काही करू शकत नाहीत. आपल्याकडे परीक्षा फॉर्मची नोटीस वर्गात वाचून दाखवतात, उशीर झाला तर विलंब शुल्क भरून चालतं. तिकडे नोटीस कुणी वाचत नाही आणि विलंब शुल्काची खिडकीही नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या विभागाने प्रत्येक विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारावा: परीक्षेची नोंदणी कोणत्या तारखांना? पुष्कळ नापास त्या एका प्रश्नाने टळतील.

क्रेडिटचं गणित. ईसीटीएस ही युरोपातली क्रेडिट पद्धत. एक ईसीटीएस क्रेडिट म्हणजे २५ ते ३० तासांचं एकूण काम, त्यात घरचा अभ्यास धरून. पूर्ण सत्राचे ३०. आपल्याकडे सत्राला साधारण २० ते २२. म्हणजे ढोबळमानाने दीड ईसीटीएसला आपलं एक क्रेडिट. ६ चा विषय आपल्या ४ चा होतो, छान बसतो. पण ५ चा विषयही सर्रास असतो, आणि तो होतो ३.३३. तो ३ धरायचा की ४, की दोन विषय जोडून धरायचे, हे आधी ठरवा. निकाल हाती आल्यावर ठरवायला बसलात तर वाद होतो. तासांच्या रकान्यात दिसणारा आठवड्याचा तास ४५ मिनिटांचा असतो, आणि तो आकडा म्हणजे क्रेडिट नव्हे. ही गल्लत परीक्षा विभागात नेमाने होते.

गुणांची गल्लत त्याहून क्लेशकारक. जर्मन पट्टीवर १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास. १.३ मिळवणाऱ्या मुलीचा आकडा पाहून ‘दहापैकी सव्वा?’ असं विचारणारे आपल्याकडे आहेत. भारतातले गुण जर्मन पट्टीवर नेण्यासाठी तिकडची विद्यापीठं ‘सुधारित बव्हेरियन सूत्र’ वापरतात. तेच उलटं वापरा. दहाच्या पट्टीवर कमाल १० आणि उत्तीर्ण ४ धरले, तर जर्मन गुणांतून १ वजा करा, उरेल त्याची दुप्पट करा आणि ती १० मधून वजा करा. २.० चे ८ होतात, ३.० चे ६, ४.० चे ४ आणि त्या मुलीच्या १.३ चे ९.४. हे कोष्टक नॉमिनेशनच्या दिवशी विद्यार्थ्याच्या हातात द्या. ट्रान्सक्रिप्ट परीक्षेनंतर महिना-दोन महिन्यांनी येतं, हे परीक्षा विभागालाही आधीच कळवून ठेवा.

खोलीकडे येऊ. बाहेरचं दार ओढलं की आपोआप बंद होतं आणि बाहेरून हँडल नसतं, नुसता गोल गोळा असतो. किल्ली आत राहिली तर आपण बाहेर. रविवारी कुलूपवाला बोलावला तर शंभर-दोनशे युरो सहज जातात. किल्ली हरवणं त्याहून वाईट: पुष्कळ इमारतींत सगळी कुलुपं एका किल्लीच्या व्यवस्थेत गुंफलेली असतात, आणि ती व्यवस्था बदलण्याचा खर्च हरवणाऱ्यावर येतो. महिना चार-पाच युरोंचा हाफ्टफ्लिष्ट नावाचा दायित्व विमा घ्यायला लावा, आणि त्यात किल्ली हरवण्याची भरपाई आहे ना, हे पाहायला सांगा. खोली ताब्यात घेताना स्थितीचा एक कागद भरतात. भिंतीवरचा ओरखडा, गादीवरचा डाग, सगळं त्यात लिहायचं आणि फोटो काढायचे. संकोच करून सही केली तर जाताना तेच डाग आपल्या नावावर.

रेडिएटरच्या बाजूला एक जाड, पांढरं, फिरणारं डोकं असतं. त्यावर हिमकणाची खूण आणि १ ते ५ आकडे. मुलं त्याला पंख्याच्या रेग्युलेटरसारखं वापरतात: जास्त थंडी, मोठा आकडा. ते तसं नाही. आकडा म्हणजे खोलीचं तापमान: १ साधारण १२ अंश, २ म्हणजे १६, ३ म्हणजे २०, पुढे दर आकड्याला चार. ३ वर ठेवलं तरी थंड खोलीत झडप पूर्ण उघडते आणि २० अंशांजवळ मिटते. ५ वर ठेवल्याने खोली लवकर तापत नाही. फक्त थांबायची तेव्हा थांबत नाही.

बुरशीचं कारणही इथेच. खिडक्या हवाबंद असतात. भात शिजला, कपडे खोलीत वाळवले, ती वाफ थंड भिंतीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे पाणी होऊन बसते, आणि जानेवारीत तिथे काळे ठिपके दिसतात. हे अनामतीतून कापलं जातं. खिडकी तिरकी उघडून दिवसभर ठेवणं हा उपाय नाही, त्याने भिंत आणखी गार होते. दिवसातून दोन-तीनदा रेडिएटरची झडप बंद करून खिडकी पूर्ण उघडायची, पाच मिनिटं, आणि मिटायची. हवा बदलते, भिंत गरम राहते.

स्वयंपाकघरात धूर ओळखणारं यंत्र असेल तर फोडणीने ते वाजतं. काही हॉस्टेलांत त्याची तार थेट अग्निशमन दलाला जोडलेली असते आणि बंब येऊन गेल्याचं बिल येतं. दार बंद, खिडकी उघडी, तेल कमी तापवायचं. यंत्रावर फडका बांधणं हा नियमभंग आहे, आणि घरमालक तो हलक्यात घेत नाहीत. गोल बुडाची कढई तिथल्या सपाट काचेच्या शेगडीवर निरुपयोगी, ती न्यायला सांगू नका. भारतातली जाड तीन पिनांची वायरही तिथल्या सॉकेटात जात नाही. व्होल्टेज सारखंच आहे, अडॅप्टर पुरतो.

कचरा वेगळा करणं मुलं लवकर शिकतात. एवढंच सांगा की काचेच्या बाटल्या रंगाप्रमाणे वेगळ्या टाकीत जातात, त्याही रविवारी नाही, आणि २५ सेंट अनामत असलेली बाटली कचऱ्यात टाकायची नसते, दुकानातल्या यंत्रात परत द्यायची.

भाषेचं पत्रात शेवटाकडे घेतलं, पण आमचा जीव त्यात आहे. ए-१, म्हणजे सगळ्यात पहिल्या पातळीची, परीक्षा पास झालेली मुलगी बेकरीत बोलू शकते, पण सरकारी पत्र वाचू शकत नाही. आणि छोट्या गावात पत्रंच येतात, जर्मनमधून, मुदतीसह. नोंदणी झाली की काही आठवड्यांत रेडिओ-टीव्हीच्या शुल्काचं पत्र येतं: घरामागे महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही म्हणून ते पाकीट फेकून दिलं तर थकबाकी वाढत जाते, वर दंड. खरं तर एका घराला एकदाच द्यायचं असतं. सामायिक फ्लॅटमध्ये कुणीतरी आधीच भरत असेल तर त्याचा क्रमांक कळवून विषय मिटतो. मात्र ज्या हॉस्टेलात प्रत्येक खोलीचं दार सार्वजनिक मार्गिकेत उघडतं, तिथे प्रत्येक खोली वेगळं घर धरली जाते. हे पत्रातच लिहिलेलं असतं, वाचता आलं तर. म्हणून भाषावर्गात ‘मी पुण्याहून आलो’ याच्या पुढे जाऊन चार शब्द पाठ करून घ्या: फ्रिस्ट म्हणजे मुदत, मानुंग म्हणजे थकबाकीची ताकीद, विडरश्प्रुख म्हणजे हरकत, आक्टनत्साइखन म्हणजे उत्तरात लिहायचा फाइल क्रमांक. दोन तासिका खऱ्या पत्रांचे नमुने वाचण्यात घालवा. पोस्टकार्डावर सहलीचं वर्णन लिहिण्यापेक्षा ते उपयोगी पडेल.

आजारपणाचे दोन क्रमांक पाठच असावेत: जिवावरचं असेल तर ११२, दवाखाना बंद असताना डॉक्टर हवा असेल तर ११६११७. नेहमीची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या इंग्रजी चिठ्ठीसह न्यावीत. चष्म्याचा दुसरा जोड न्यावा.

आणि एकटेपण. ऑक्टोबरात गाव गजबजलेलं असतं, खरा काळ नोव्हेंबरअखेरीपासून. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात, भारताशी अंतर साडेतीनचं साडेचार तास होतं, डिसेंबरात चारच्या सुमारास अंधारतं. छोट्या गावातले जर्मन विद्यार्थी शुक्रवारी दुपारी आपापल्या घरी जातात. हॉस्टेलची मार्गिका सोमवारपर्यंत रिकामी. २४ डिसेंबरच्या दुपारपासून २६ पर्यंत दुकानं बंद, नाताळच्या आठवड्यात विद्यापीठ बहुतेक बंद. तेव्हा फोन करायचा तर डिसेंबरात करा. पोचल्याचा फोन घरचे करतातच.

परतीच्या वेळी उलटा क्रम. पत्त्याची नोंद रद्द करणं निघण्याच्या फार तर एक आठवडा आधी करता येतं, निघाल्यानंतर दोन आठवड्यांपर्यंत. ते केल्याचा कागद घेऊन रेडिओ-टीव्ही शुल्क आणि विमा बंद करायचा. नुसतं निघून आलं तर दोन्ही चालू राहतात. विद्यापीठातून नाव कमी केल्याचा दाखला घ्यायचा. भाड्याचा करार ३१ मार्चपर्यंतचा असेल तर फेब्रुवारीत निघणाऱ्यालाही मार्चचं भाडं द्यावं लागतं, हे जाण्याआधीच्या हिशेबात धरायला हवं. खोली परत देताना सुरुवातीचे फोटो बरोबर ठेवायचे. आणि बँक खातं बंद करायचं नाही, कारण अनामत लगेच मिळत नाही, काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी त्याच खात्यात येते. मुलं विमानतळावरून खातं बंद करतात आणि मग पैसे परत जातात.

म्हणून विनंती: अनामत जमा झाली, ट्रान्सक्रिप्ट आलं आणि क्रेडिट गुणपत्रिकेवर चढली, या तिन्हींवर बरोबरची खूण होईपर्यंत विद्यार्थ्याची फाइल कपाटात घालू नका.

आपले,
एक्सचेंज विद्यार्थ्यांची तयारी करून घेणारे भाषाशिक्षक आणि समुपदेशक